भावकी लहान असताना ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अकरा सदस्यांचं गाव, दोन गट, दोघांच्याही मागं मोठी भावकी आणि तुमची भावकी मोजून पाच घरांची. वॉर्डातली एक जागा सर्वसाधारण स्त्रीसाठी निघाली आहे आणि दोन्ही गटांनी आपापल्या घरातल्या सुना पुढं केल्या आहेत. तुम्ही बचत गटाच्या सचिव, शिक्षण बी.कॉम., हाताशी वीस हजार रुपये. सदस्याला उभं राहू की थेट सरपंचपदालाच अर्ज भरू, आणि पडले तर गावात तोंड कसं दाखवू, असं तुम्ही विचारलंय.

मीही सातारा जिल्ह्यातलीच. २०१० ला नऊ मतांनी पडले, २०१५ ला एकतीस मतांनी आले. २०२१ ला स्वतः उभी नव्हते, पण आजूबाजूच्या गावांतल्या काही बायकांच्या सोबत अर्जापासून मोजणीपर्यंत होते. त्यातल्या निम्म्या आल्या, निम्म्या पडल्या. त्यामुळं खाली जे लिहितेय त्यात जिंकण्याची हमी नाही.

सरपंचपदाचं आधी मिटवून टाकते. नका भरू. थेट जनतेतून सरपंच ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला रद्द झाली, २०२२ ला परत आली. आज तुम्हाला सरपंच व्हायचं तर अख्ख्या गावाची मतं लागणार. तीन-साडेतीन हजार लोकवस्तीच्या गावात दारोदार जायला एका बाईला, तेही घर सांभाळून, दिवस पुरत नाहीत. बरं, निवडून आलात आणि अकरापैकी नऊ सदस्य समोरच्या गटाचे असले, तर प्रत्येक मासिक सभेत तुमचा ठराव पडणार. खुर्ची तुमची आणि कारभार त्यांचा, असं चाललेलं मी जवळून पाहिलंय. वॉर्डाची जागा लहान असते, म्हणूनच ती तुमच्यासारखीच्या आवाक्यातली असते.

आता आवाक्यातली म्हणजे किती, ते बघा. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे सात ते सतरा सदस्य असतात, आणि अकरा म्हणजे तुमची लोकसंख्या तीन हजारांच्या वर, साडेचार हजारांच्या आत. मतदार धरा २६००. वॉर्ड चार, म्हणजे एका वॉर्डात साडेसहाशेच्या आसपास. गावच्या निवडणुकीला ऐंशी-पंचाऐंशी टक्के मतदान सहज होतं, म्हणजे साडेपाचशे मतं पडतील. दुरंगी लढत असती तर २७६ लागली असती. तुमची तिरंगी आहे, आणि दोन्ही गट तुल्यबळ आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मग दोनशेच्या आसपास मतांवर जागा निघू शकते. दोनशे मतं म्हणजे साठ-पासष्ट घरं. तुमच्या बचत गटात किती बायका आहेत? दहा-बारा. वॉर्डात असे गट किती? तुम्ही सचिव आहात, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एक दोनशे पानी वही आणा. मतदार यादी मिळवा आणि घरांप्रमाणे ती वहीत उतरवून काढा. छापील यादीवर खुणा करून भागत नाही, कारण यादीत सासू एका पानावर आणि सून तीन पानं पुढं असते. हातानं लिहिलं की घर डोळ्यासमोर येतं. प्रत्येक घरापुढं तीनच खुणा: नक्की आपलं असेल तर बरोबरची खूण, नक्की त्यांचं असेल तर फुली, सांगता येत नसेल तर टिंब. ही खूण नवऱ्याला करू देऊ नका. पुरुषांना वाटतं की घरातला कर्ता ज्या गटाचा, ते अख्खं घर त्या गटाचं. मी २०१५ ला ज्या घरांवर फुली मारली होती, त्यातल्या किमान सहा-सात घरांत बायकांनी गुपचूप मला मत दिलं. मोजणी झाल्यावर त्यांनी ते मला विहिरीवर सांगितलं, घरात नाही.

ही वही निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी, आणि त्याचं कारण यादी हेच आहे. राज्य निवडणूक आयोग ग्रामपंचायतीसाठी वेगळी यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी घेतात आणि ती वॉर्डांत फोडतात. त्या तारखेनंतर नाव घातलं तर ते या निवडणुकीत चालत नाही. गेल्या तीन-चार वर्षांत लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं अजून माहेरीच असतात. माझ्या अंदाजानं प्रत्येक वॉर्डात अशा पंधरा-वीस तरी निघतात. माहेरच्या यादीतून इकडं आणायचं असेल तर नमुना ८, नाव कुठंच नसेल तर नमुना ६. या मुलींच्या मागं कुठलाच गट लागत नाही, कारण गटवाल्यांच्या हिशेबात त्या सासऱ्याच्या मतात धरलेल्या असतात. त्यांचं नाव तुम्ही चढवून दिलंत तर ते त्या विसरत नाहीत.

यादी वॉर्डांत फोडतात तेव्हा काय होतं, ते मी २०१० ला शिकले. प्रारूप म्हणजे कच्ची यादी ग्रामपंचायतीत आणि तहसीलला लावतात, हरकतीला मोजके दिवस देतात. मी बघायला गेलेच नाही. देवळामागची पाच घरं, सगळी माझी, सतरा मतं, शेजारच्या वॉर्डात गेली होती. मतदानाच्या दिवशी ती माणसं केंद्रावर आली आणि मला मत द्यायला त्यांच्या मशीनवर माझं नावच नव्हतं. मी नऊ मतांनी पडले. त्या चुकीचं खापर मी बरीच वर्षं कारकुनावर फोडत होते. खरं तर हरकतीचा एक कागद मी दिला असता तर काम झालं असतं.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गरीब उमेदवाराला मतांत हरवण्यापेक्षा छाननीत पाडणं समोरच्यांना स्वस्त पडतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अर्ज बाद. तुमचा जन्म १ जानेवारी १९९५ नंतरचा असेल तर किमान सातवी पास लागतं, ते तुमचं आहेच. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आजच भरा आणि पावती जपा. ती पावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावानं असली तरी झेरॉक्स काढून फाइलला लावा. शौचालय असल्याचा आणि वापरत असल्याचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीच्या कुठल्याही कामाच्या ठेक्यात तुमचा हिस्सा असता कामा नये, आणि इथं बचत गटाच्या बायका फसतात: गटानं ग्रामपंचायतीचं एखादं पुरवठ्याचं काम घेतलं असेल तर अर्ज भरण्याआधी जाणकार वकिलाला दाखवून घ्या.

सगळ्यात दगाबाज मुद्दा अतिक्रमणाचा. सरकारी किंवा गावठाणाच्या जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व जातं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण अतिक्रमण कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाचं असलं आणि तुम्ही त्या घरात राहत असलात तरी जातं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात स्पष्ट केलं. गावात कुणाच्या घराची पायरी रस्त्यावर नाही? कुणाचा गोठा दोन फूट पुढं नाही? निवडून येईपर्यंत त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि आल्यावर महिन्याभरात जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज पडतो. सासऱ्यांना आत्ताच विचारा, आणि काही असेल तर काढून टाका. भांडण झालं तरी चालेल.

तुमची जागा सर्वसाधारण स्त्रीची आहे म्हणून जात पडताळणीची कटकट नाही. राखीव प्रवर्गातून भरणाऱ्या मैत्रिणीला मात्र सांगा: वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणी समितीकडं अर्ज केल्याची पावती लागते, आणि निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर निवडच रद्द होते. अर्ज ऑनलाइन भरून त्याची सही केलेली प्रत तहसीलला द्यायची असते. शेवटच्या दिवसासाठी थांबू नका. २०२० च्या डिसेंबरात संकेतस्थळ इतकं अडलं की आयोगाला शेवटी कागदावरचे अर्ज घ्यायची परवानगी द्यावी लागली. अर्ज दोन भरा, म्हणजे एकात चूक निघाली तर दुसरा उभा राहतो.

अर्ज मंजूर झाला की खरी निवडणूक सुरू होते, आणि ती माघारीच्या दिवसापर्यंत चालते. त्यानंतरचा प्रचार त्या मानानं सोपा असतो.

छाननी आणि माघार यांच्यामधले ते चार-पाच दिवस मी कुणावर येऊ नयेत असं म्हणेन. तुमच्याकडं थेट कुणी येत नाही. सासऱ्यांना सोसायटीत बोलावतात आणि पीककर्जाच्या नूतनीकरणाचा विषय काढतात. नवऱ्याला डेअरीवर कुणीतरी सहज म्हणतं, "यंदा तुमच्या उसाला तोड कधीची?" माहेरी निरोप जातो. मग रात्री नऊला चार जाणती माणसं घरी येतात, चहा घेतात, आणि गावाची एकी, बिनविरोधची परंपरा, देवळाच्या शिखराचं अपुरं काम असं बोलत बोलत तुमच्या अर्जावर येतात. तुमच्याशी नाहीच बोलत. तुम्ही चहा आणून ठेवता आणि ते सासऱ्यांशी बोलतात. २०१० ला मी आतल्या खोलीतून ऐकत होते. २०१५ ला चहा जावेला करायला सांगितला आणि सतरंजीवर येऊन बसले. एवढ्यानंही बोलण्याचा सूर बदलतो.

बिनविरोध म्हणजे गावाची एकी, असं तुम्हाला ऐकवतील. कुठं तशी असेलही. पण जानेवारी २०२१ च्या निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा चक्क लिलाव झाल्याचं उघड झालं, आणि आयोगानं दोन्हीकडची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. लिलावाचे पैसे देवळासाठी होते, असंच तेव्हाही सांगितलं जात होतं. तुमच्यासमोर असा प्रस्ताव आला तर वाद घालत बसू नका. "घरात विचारून सांगते" असंही म्हणू नका, कारण मग घरावरचा दाब दुप्पट होतो. "मी अर्ज काढणार नाही" हे एकच वाक्य, आवाज न चढवता, सासऱ्यांच्या समोर बोला. पण त्याआधी सासऱ्यांशी आणि नवऱ्याशी तुमचं बोलणं पक्कं झालेलं हवं: कर्ज अडवलं तर काय करायचं, कारखान्याची ऊसतोड लांबली तर काय करायचं. आमच्या घरी आम्ही त्या वर्षी ऊस गुऱ्हाळाला घालायची तयारी ठेवली होती. तशी वेळ आली नाही. नवरा मनापासून सोबत नसेल तर उभ्या राहू नका, हे मी इतर कुठल्याही सल्ल्यापेक्षा ठामपणे सांगते.

माघारीच्या दिवशी दुपारनंतर चिन्हं मिळतात. २०२१ ला ४ जानेवारीला चिन्हं मिळाली आणि १५ ला मतदान होतं, म्हणजे हातात अकरा दिवस. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, आयोगाच्या मुक्त चिन्हांतून घ्यावं लागतं. कपबशी, छत्री, शिट्टी असं काहीतरी मागा, जे म्हातारीला न सांगता कळतं. २०१० ला मला कपाट मिळालं होतं. मशीनवर ते इतकं बारीक दिसायचं की एका आजींनी ते दार समजून शोधलंच नाही. दुसऱ्या वेळेला छत्री मिळाली. एक जुनी काळी छत्री घेऊन मी भर उन्हात वॉर्डभर फिरले. लोक हसले, पण चिन्ह लक्षात राहिलं.

सभा घेऊ नका. तुमच्या सभेला पंचवीस माणसं येतील आणि दुसऱ्या दिवशी गावभर तोच आकडा फिरेल. फ्लेक्सवरही पैसे घालू नका. वीस हजारांत नमुना मतपत्रिका, मतदार चिठ्ठ्या, दोन-तीन दिवस एक रिक्षा आणि मतदान प्रतिनिधींचं जेवण एवढंच बसवा. २०१७ च्या आदेशाप्रमाणं अकरा ते तेरा सदस्यांच्या गावात सदस्याला ३५ हजारांची मर्यादा होती. सध्याचा आकडा अर्ज भरताना तहसीलमधून विचारून घ्या. घरी जायचं ते संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी नाही, तर दुपारी दोन ते चारमध्ये, बायका जरा टेकलेल्या असतात तेव्हा. एका घरात दहा मिनिटं. पाणीपुरवठ्याचं काय करणार ते दोन वाक्यांत सांगा आणि उरलेला वेळ ऐका. वहीतली टिंबाची घरं तीनदा करा, बरोबरच्या खुणेची एकदा. फुलीच्या घरीही एकदा जाऊन या, नुसतं पाणी पिऊन या. गावात पुढं पाच वर्षं राहायचंय.

तुमच्यासमोर उभ्या असलेल्या दोन्ही सुनांबद्दल एक अक्षर वाईट बोलू नका. त्यांना बऱ्याचदा आदल्या रात्री कळलेलं असतं की आपण उमेदवार आहोत. पण लोकांना फरक आपोआप दिसतो: त्यांच्या प्रचारात दीर बोलतात, तुमच्या प्रचारात तुम्ही बोलता. २०१० ला आमच्याकडं स्त्रियांना एकतृतीयांश जागा होत्या, २०१५ ला निम्म्या झाल्या, आणि तेव्हापासून गटवाल्यांना दर वेळी घरातून बाई शोधावी लागते. ती त्यांची अडचण आहे. तुमची नाही.

मुंबई-पुण्याची मतं हा आपल्या भागातला निर्णायक मामला. वॉर्डातली पन्नास-साठ मतं तरी तिकडं असतात, आणि आदल्या दिवशी गट गाड्या लावतात. मतदारांना गाडीनं आणणं हा गुन्हा आहे. आपण त्यात पडायचं नाही, आणि ते परवडायचंही नाही. मी फोन करायचे. दहा दिवसांत सगळ्यांना, नाव घेऊन, आणि शक्यतो घरातल्या बाईलाच. "तुमच्या आईच्या रेशनचा प्रश्न मी सोडवला होता" असलं काही ऐकवायचं नाही. "येणार आहात का, आलात तर भेटू" एवढंच. गाडी गटाची घेऊन आलेल्यांपैकी किती जणांनी छत्रीचं बटण दाबलं कुणास ठाऊक, पण काहींनी दाबलं असणार, नाहीतर माझी मतांची बेरीज लागत नाही.

आदल्या रात्री पाकिटं फिरतील. तुम्ही अडवू शकत नाही. पुरावा हातात असेल तर भरारी पथकाला कळवा, नसेल तर झोपा. "पैसे त्यांचे घ्या, मत मला द्या" असं मात्र चुकूनही बोलू नका. ऐकायला बरं वाटतं, पण त्यात तुम्ही मतदाराला लबाडी शिकवता, आणि ज्यांनी घेतलेले नसतात ते दुखावतात.

मतदानाच्या दिवशी केंद्रात तुमची प्रतिनिधी म्हणून वॉर्डातली चेहरे ओळखणारी वयस्कर बाई बसवा. माझ्याकडं निवृत्त अंगणवाडी मदतनीस होत्या. वॉर्डातल्या तिशीच्या आतल्या प्रत्येकाला त्यांनी खाऊ भरवलेला. बोगस मतदानाला त्यांच्यासमोर कुणाची टाप नव्हती. लोकांना मशीन आधी नीट समजावा. वॉर्डात तीन जागा आणि वर सरपंच, म्हणजे चार वेळा बटण दाबायचं. सगळी मतं देऊन झाली की मोठा आवाज येतो. तुम्ही कुठल्याच गटाच्या नाही, एकट्याच उभ्या आहात, म्हणून काही मतदार तुमचं एक बटण दाबून बाहेर निघतात, मग आतून हाका मारतात, गोंधळ होतो आणि समोरच्यांना आक्षेपाला निमित्त मिळतं. बाकीच्या जागांवर कुणाला द्यायचं ते त्यांचं ते ठरवतील, कुणीच नको असेल तर ‘नोटा’चं, म्हणजे ‘यापैकी कुणीही नाही’चं बटण आहे. दुपारी बारा आणि तीनला वही उघडून कोण आलं नाही ते बघा आणि माणूस पाठवा. माझी एकतीस मतं तीननंतरची होती, असं मला अजून वाटतं.

निवडून आल्यावर एकटीचं काय होतं, असं कुणी तुम्हाला घाबरवेल. आमच्याकडं २०१५ ला पाच-पाच आणि मी, असं झालं. तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडायचा होता, दोन्ही गट माझ्या दारात आले. मी आमच्या वॉर्डाच्या पाण्याच्या टाकीचा शब्द घेतला. लेखी घेतला नाही. टाकी चौथ्या वर्षी झाली.

आणि पडलात तर. दोन दिवस घरातून बाहेर पडवत नाही, तिसऱ्या दिवशी दूध घालायला जावंच लागतं. तेवढ्यात एक काम करायचं असतं, जे पडलेले बहुतेक जण करत नाहीत: निकालापासून तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब तहसीलला द्या, पोच घ्या, आणि पोच लॅमिनेट करून ठेवली तरी चालेल. हिशेब नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवतात. २०१० ला आमच्या वॉर्डात पडलेले आम्ही तिघं होतो. हिशेब मी एकटीनं दिला. २०१५ ला छाननीच्या टेबलावर त्यातल्या एकाचं नाव अपात्रांच्या यादीत निघालं आणि तिरंगी होणार होती ती लढत दुरंगी झाली.